बाप्तिस्म्यानंतरचं पहिलं वर्ष: विश्वासात टिकायचं कसं

बाप्तिस्म्याच्या आधी माणसाला सगळे शिकवतात. वर्ग होतात, प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली जातात, पाळकसाहेब दोनदा घरी येऊन चहा घेऊन जातात. मग बाप्तिस्मा होतो, फोटो निघतात, केक कापला जातो आणि पुढच्या रविवारी तोच माणूस मागच्या बाकावर एकटा बसलेला दिसतो. आता रोज उठून करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांचंही फार वेगळं नाही. दहावीच्या सुट्टीत दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) आणि अकरावीला मंडळीला, म्हणजे चर्चला, रामराम, अशी कितीतरी मुलं आपण पाहतो.

हा लेख त्या मागच्या बाकावरच्या माणसासाठी आहे. मी प्रॉटेस्टंट मंडळीतला, त्यामुळे शब्द तिकडचेच येतील. कॅथलिक वाचकांनी त्या जागी मिस्सा, पापनिवेदन, जपमाळ असं आपापलं घालून घ्यावं. मुद्दे तेच राहतात.

आधी भावनेचा हिशेब सोडा

नव्या विश्वासणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: "सुरुवातीला वाटायचं तसं आता वाटत नाही." गाणी म्हणताना डोळ्यांत पाणी यायचं, आता येत नाही. प्रार्थनेला बसलं की दुधाचं बिल आठवतं. मग माणूस ठरवून टाकतो की आपला विश्वासच गेला.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतचा एवढा व्यासंग असलेली, कोलकात्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला सापडला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. ती आठ वर्षं त्यांनी वाया घालवली नाहीत. त्या अभ्यास करत राहिल्या, अमेरिकेत फिरून निधी जमवला, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, टीका सोसली. तुम्हाला तिसऱ्याच महिन्यात कोरडं वाटायला लागलं असेल, तर घाबरण्यासारखं काही झालेलं नाही.

विश्वासूपणाची सुरुवात आपल्यापासून होत नाही, देवापासून होते, हे शास्त्रात पुन्हा पुन्हा येतं. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात 'त्याची दया रोज सकाळी नवी होते' अशा अर्थाची वचनं आहेत. घरोघरी कॅलेंडरांवर ती फुलांच्या चित्रासोबत छापलेली असतात. पण ती लिहिली गेली यरुशलेम जळून गेल्यावर, मंदिर पडल्यावर, रस्त्यात भुकेने पोरं कोसळत असताना. ती फुलं काढून टाका आणि सगळा अध्याय एकदा वाचा. पहिल्या वीस वचनांत नुसती तक्रार आहे.

वेळ आणि जागा ठरवा

'वेळ मिळेल तेव्हा वाचीन' म्हणणारा महिन्याभरात वाचेनासा होतो. म्हणून वेळ ठरवा, आणि ती लहान ठरवा. पंधरा मिनिटं पुरेत. पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करणाऱ्यांच्या साक्षी ऐकून तसाच संकल्प सोडू नका. तो आठवड्यात मोडतो आणि मग पंधरा मिनिटंही जातात.

जागेचा प्रश्न खरा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर 'आपली आतली खोली' आणायची कुठून? अशा घरातल्या लोकांनी काढलेल्या वाटा सांगतो. कुणी सगळे उठायच्या आधी ओट्यापाशी बसतं, गॅसवर चहा ठेवून. कुणी कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये फोनवर एक अध्याय वाचतं आणि दादर येईपर्यंत डोळे मिटून बसतं. गर्दीतल्या लोकांना वाटतं झोप लागली. कुणी ऑफिसात अर्धा तास लवकर पोचतं. गच्ची, जिना, पार्किंगमध्ये लावलेली स्कूटर, काहीही चालतं. जागा रोज तीच असली की मन लवकर स्थिरावतं, एवढंच.

फोनवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा. 'सुप्रभात'चे गुलाब सकाळी सहापासून यायला लागतात, आणि त्यात आपल्याच मंडळीच्या ग्रुपचे सर्वांत जास्त असतात.

काय वाचायचं, कुठून सुरुवात करायची

उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. नवखा माणूस जोमाने उत्पत्ती संपवतो, निर्गमाचा अर्धा भाग कथेच्या ओढीने वाचतो, मग निवासमंडपाच्या पडद्यांची मापं सुरू होतात. तिथून लेवीय, आणि तिथे पुस्तक मिटतं ते कायमचं.

मार्कपासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी अडीच आठवड्यांत होतो. मग लूक, आणि त्याला लागूनच प्रेषितांची कृत्ये, कारण ते एकाच हातचं दोन भागांतलं लिखाण आहे. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र आणि याकोबाचं पत्र. हे सगळं चालू असताना रोज एक स्तोत्र. 150 आहेत, पाच महिने जातात. 119 वं तेवढं 176 ओव्यांचं आहे, ते तुकडे करून घ्या. नीतिसूत्रांचे 31 अध्याय असल्यामुळे तारीख पाहून त्या दिवसाचा अध्याय वाचायची जुनी पद्धत आहे. ज्यांना दुकान, हिशेब, नोकरमाणसं सांभाळायची असतात त्यांना ती फार मानवते. जुन्या करारातल्या कथांसाठी रूथ, मग पहिलं शमुवेल.

भाषांतर कुठलं, असं विचारतात. मंडळीत वापरतात ते पवित्र शास्त्र जवळ असू द्या, कारण उपदेशात तेच वाचलं जाणार. पण त्याची भाषा जड जात असेल तर वाचायला सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66, म्हणून दुकानात गोंधळू नका. नव्या कराराची 27 दोन्हीकडे सारखीच आहेत.

एक दोनशेपानी वही ठेवा. तारीख, अध्याय, आणि त्यातलं न समजलेलं असं एक तरी वाक्य त्यात लिहा. समजलेलं लिहायची घाई नको. न समजलेल्या वाक्यांची यादी घेऊन महिन्यातून एकदा पाळकसाहेबांकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या जुन्या, वाचणाऱ्या माणसाकडे बसा. असे प्रश्न घेऊन कुणी आलं की चांगल्या पाळकाचा चेहरा खुलतो. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण सभागृहाच्या भाड्याचं विचारायला आलेले असतात.

वाचायचं कसं, हे एका वचनावर दाखवतो. दानीएल, अध्याय 6, वचन 10. राजा दारयावेशाने फर्मान काढलेलं आहे की तीस दिवस राजाखेरीज कुणाकडेही मागणं करायचं नाही, केलं तर सिंहांच्या गुहेत. दानीएलाला हे कळतं. तो घरी जातो, वरच्या खोलीच्या यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच असतात, आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून तो प्रार्थना करतो, आधी करत होता तशीच.

रविवारच्या शाळेत आपण हे ऐकतो ते सिंहांसाठी. पण 'आधी करत होता तशीच' यावर जरा थांबा. फर्मान निघालं म्हणून त्याने नवीन काही केलं नाही. संकट आलं म्हणून प्रार्थना वाढवली नाही, निषेध म्हणून खिडक्या मुद्दाम उघडल्या नाहीत, आणि भीतीने लावूनही घेतल्या नाहीत. तो बाबेलात आल्याला तेव्हा साठाहून अधिक वर्षं झाली होती. पोरगा म्हणून आलेला माणूस म्हातारा झाला होता, आणि त्या सगळ्या वर्षांत रोज तीन वेळा तो त्याच खोलीत, त्याच दिशेला तोंड करून बसत आला असणार. त्या दिवशीचं धैर्य आदल्या हजारो कंटाळवाण्या दिवसांतून आलेलं होतं. आता त्याच अध्यायात थोडं मागे, चौथ्या-पाचव्या वचनाकडे जा. शत्रूंनी आधी त्याच्या सरकारी कामात खोट शोधली. एक कागद सापडला नाही. मग त्यांनी ठरवलं की याला अडकवायचं तर याच्या देवाच्या बाबतीतच अडकवावं लागेल. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या: दफ्तर चोख आणि गुडघे घासलेले.

असं एक वचन आठवडाभर पुरतं. रोज नवं काहीतरी मिळालंच पाहिजे, असा हट्ट नको.

प्रार्थना

आपल्या प्रार्थनासभांमधून नवख्याचा एक गैरसमज होतो. तिथे मोठमोठ्याने, न थांबता, पाठोपाठ विशेषणं लावत वीस-वीस मिनिटं प्रार्थना करणारी माणसं असतात. त्यांच्याशेजारी बसलेल्याला वाटतं, आपल्याला हे येणार नाही, म्हणजे आपल्याला प्रार्थनाच येत नाही. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना (मत्तय 6) सावकाश म्हटली तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात होते. तिच्या आधी त्याने जे सांगितलं ते फार बोलण्याविरुद्ध आहे.

घरी बोलता त्या मराठीत बोला. मालवणीत, वऱ्हाडीत, कादोडीत, ज्या भाषेत आईशी बोलता त्या भाषेत. सुरुवात जमत नसेल तर प्रभूची प्रार्थनाच घ्या आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून आपलं घाला. 'रोजची भाकर' आली की घराचा हप्ता, मुलीची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन. 'आमच्या ऋण्यांना सोडलं' तिथे ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही त्याचं नाव घ्या. इथे बहुतेकांची प्रार्थना अडते, आणि तिथेच थोडं बसावं.

देवाकडे तक्रार करायला परवानगी आहे. स्तोत्र 13 'किती वेळ?' या प्रश्नाने सुरू होतं. स्तोत्र 88 तर शेवटापर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवट जोडलेला नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी यातलं एक मोठ्याने वाचा, झाली प्रार्थना.

घरात एकाहून जास्त विश्वासणारे असतील तर संध्याकाळची एकत्र प्रार्थना लावून घ्या. वसईच्या कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळची जपमाळ चालत आली. गोव्यात तिला तेर्स म्हणतात. टीव्हीने ती बऱ्याच घरांतून मागे सारली. मुलं कुरकुर करतात, करू देत. एक गीत, दहा वचनं, प्रत्येकाचं एकेक वाक्य, एवढंच ठेवलं तर कुरकुर लवकर थांबते.

एक मंडळी धरा

पहिल्या वर्षात नवखा माणूस चार ठिकाणी फिरतो. इथली गाणी चांगली, तिथला उपदेश चांगला, तिसरीकडे रोगमुक्ती होते, चौथीकडे जेवण असतं. दोन-तीन महिने पाहा, पण मग एक धरा आणि तिथेच राहा. इब्री 10:25 मध्ये एकत्र जमणं सोडू नका असं सांगितलं आहे, ते एकमेकांना उत्तेजन देण्यासाठी. दर रविवारी नवीन ठिकाणी जाणाऱ्याला उत्तेजन देणार कोण? त्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

उपासना संपली की लगेच गाडीची किल्ली काढू नका. दारात पाळकसाहेबांना 'सलाम' करा, चहाला थांबा, दोन म्हाताऱ्या बायकांशी बोला. मंडळीचा खरा इतिहास त्यांच्यापाशी असतो. महिन्याभरात एखादं छोटं काम मागून घ्या: सतरंज्या घालणं, गीतांची पुस्तकं वाटणं, नाताळात दिव्यांच्या माळा लावणं. काम हातात असलेला माणूस सहसा रविवार चुकवत नाही.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, टाळू नका. अनेक मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. आदल्या रात्री दहा मिनिटं बसून आठवडा आठवा. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला स्वतःची परीक्षा करून मग खा असं सांगितलं आहे. 'मी लायक नाही' म्हणून महिनोन्‌महिने बाकावर बसून राहा, असं सांगितलेलं नाही. भावाशी भांडण असेल तर शनिवारीच फोन करा.

आणि आता कडू भाग. मंडळीत राजकारण असतं. पंचकमिटीच्या निवडणुका असतात, जमिनीचे दावे असतात, कोर्टातल्या तारखा असतात, जातीचीही आठवण काही जणांना नको तेव्हा येते. नवख्याला याचा मोठा धक्का बसतो, कारण त्याला वाटलेलं असतं की इथे सगळी संत मंडळी भेटतील. करिंथकरांस पहिलं पत्र वाचा: गटबाजी, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंतांनी आधीच खाऊन घेणं, सगळं त्यात आहे, आणि पौल तरीही त्यांना 'मंडळी'च म्हणतो. पहिली दोन वर्षं कुठल्याही गटात शिरू नका. निवडणुकीला उभं राहण्याचा आग्रह झाला तर हसून नाही म्हणा.

काही ठिकाणांहून मात्र निघूनच यावं. पाळकाला प्रश्न विचारलेला चालत नसेल, अर्पणाचा हिशेब वार्षिक सभेत मांडला जात नसेल, 'तुझा विश्वास कमी म्हणून तुझं मूल बरं होत नाही' असं कुणी म्हणत असेल, तर निघा. गोळ्या बंद करायला सांगत असतील तर त्याच दिवशी. मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची, मनाच्या आजाराची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाहीत. पौलाच्या देहातला काटा तीनदा मागूनही गेला नाही, आणि त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटदुखीवर त्याने उपाय म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दोघांच्याही विश्वासावर कुणी शंका घेत नाही.

घर आणि नातलग

घरातले सगळे ख्रिस्ती नसतील, तर तुमच्या विश्वासूपणाची खरी परीक्षा स्वयंपाकघरात आणि सणावारी होते. इथे नवखे दोन टोकं गाठतात. एक तर सगळं झाकून ठेवतात, नाही तर घरात पाऊल टाकताच देव्हाऱ्याकडे बोट दाखवून बोलायला लागतात. दुसरं जास्त नुकसान करतं.

प्रसादाचा प्रश्न पहिल्याच महिन्यात येतो. यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही, पण पौलाने 1 करिंथ 8 ते 10 मध्ये जे लिहिलं ते आधी स्वतः वाचा. मूर्ती काही नाही हे ज्ञान खरं, तरी त्या ज्ञानाने दुसऱ्या कुणाचा विवेक दुखावू नका. जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. बहुतेक मराठी मंडळ्या यावरून 'प्रसाद म्हणून हातावर दिलेलं नम्रपणे नाकारा, पंगतीत बसून जेवा' अशी वाट काढतात. 'नैवेद्याच्या आधी माझं वेगळं काढून ठेव' असं मात्र आईला सांगू नका. तिच्या लेखी ते नैवेद्य उष्टावणं आहे, आणि तुम्ही तिला अशा जागी दुखवाल जिथे गरज नव्हती. त्याऐवजी म्हणा, "आई, मी आरतीला उभा राहणार नाही, पण पंगत वाढायला मीच आहे. पत्रावळ्या, पाणी, भांडी सगळं माझ्याकडे." गौरी-गणपतीत पन्नास माणसं जेवून जाणाऱ्या घरात या वाक्याची किंमत फार मोठी असते. रागावलेला काकासुद्धा दुसऱ्या वर्षी म्हणतो, त्याला बोलवा, तो वाढतो नीट.

नामानाची गोष्ट माहीत असू द्या (2 राजे 5). कोड बरं झालेला हा अरामी सेनापती अलीशाला विचारतो: माझा राजा रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, देव मला याची क्षमा करील का? अलीशा त्याला नियमांची यादी देत नाही. 'शांतीने जा' एवढंच म्हणतो. सासरी नव्याने ख्रिस्ती झालेल्या एकट्या सुनेला मी ही गोष्ट नेहमी वाचायला सांगतो.

दुसऱ्यांच्या देवांबद्दल वाईट बोलायचं नाही, थट्टा तर मुळीच नाही. इफिसात दंगल झाली तेव्हा शहराच्या चिटणिसाने लोकांना सांगितलं की या माणसांनी ना देवळं लुटली, ना आपल्या देवीची निंदा केली (प्रेषित 19:37). पौल त्या परिसरात दोन-तीन वर्षं सुवार्ता सांगत होता, तरी परक्या माणसाला ही साक्ष देता आली.

घरच्यांना वेळ द्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये, मधली वाताहत सोसून, स्वतः विचार करून. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून दुसऱ्या दिवशी बायको झाली असं ते घडलं नाही, आणि म्हणूनच पुढे त्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

पैसा, काम आणि कागद

'उरलं तर देऊ' म्हणणाऱ्याच्या हाती कधी उरत नाही. पगार ज्या दिवशी होतो त्याच दिवशी अर्पणाचं पाकीट बाजूला काढा. पहिल्या वर्षी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, झेपत नसेल तर झेपेल तेवढं ठरवा, पण ठरवून द्या. मंडळीची वर्गणी थकवू नका. हार्वेस्टच्या (मंडळीतल्या सुगीच्या सणाच्या) लिलावात एका भोपळ्यावर पाचशेची बोली लावून टाळ्या घेणारे आणि वर्षाची वर्गणी न भरलेले सज्जन तुम्हाला भेटतीलच, त्यांना हसू नका, पण त्यांचा कित्ता गिरवू नका.

कामाच्या ठिकाणी लूक 16:10 चालवा: थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू. गावाला जायचं असताना 'ताप आहे' असा मेसेज, प्रवासाच्या भत्त्यात वाढवलेले दीडशे रुपये, गिऱ्हाइकाला 'माल उद्या नक्की' असं सांगून चार दिवस टोलवणं. अशा जागा दिवसाला पाच-सहा येतात. सगळ्या एकदम सुधारायला जाऊ नका. एक निवडा, महिनाभर तिच्यावर लक्ष ठेवा. आधी चुकीचं घेतलेलं असेल तर जक्कय या जकातदाराची गोष्ट (लूक 19) वाचा. त्याने चौपट परत करायची तयारी दाखवली. तुम्ही निदान घेतलं तेवढं परत करा.

कागदांचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या अजून मिळत नाहीत. त्यामुळे घरात एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, असं जगणारी कुटुंबं आहेत. हा नियम अन्याय्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे, जात काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही, हे गावात राहणाऱ्याला विचारा. तरीही या घरांतल्या तरुणांना मी एवढंच सांगतो की निर्णय अंधारात घेऊ नका. फॉर्म भरण्याआधी वकिलाला विचारा, पाळकांशी बोला, आईवडिलांसोबत बसा. आणि बाकीच्यांनी त्यांचा न्याय करायला बसू नये.

पडल्यावर

पडाल. दारू सुटली असेल तर एखाद्या लग्नात पुन्हा हातात ग्लास येईल, फोनवर नको ते बघाल, बायकोवर ओरडाल, तीन महिने मंडळीत फिरकणार नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याने एका रात्रीत तीनदा प्रभूला नाकारलं. यहूदानेही त्याच रात्री विश्वासघात केला आणि त्यालाही पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परतसुद्धा केले. पण यहूदा पस्तावा घेऊन एकटा निघून गेला. पेत्र रडला आणि बाकीच्या शिष्यांमध्ये परत जाऊन बसला. योहान 21 मध्ये किनाऱ्यावर प्रभू भेटतो तेव्हा पेत्र तिथे आहे, कारण तो त्यांच्यासोबत मासे धरायला गेला होता.

म्हणून पडल्यावर पहिली गोष्ट, लपू नका. त्याच रात्री देवापुढे नाव घेऊन सांगा, 'काही चुकलं असेल तर' अशी गोल भाषा नको. स्तोत्र 51 उघडा. ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे जा, शक्य असेल ते भरून द्या. आणि एका विश्वासातल्या माणसाला सांगा, जो गावभर करणार नाही. असा माणूस पडायच्या आधीच शोधून ठेवलेला बरा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. व्यसन असेल तर नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मराठी सभा भरतात, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, तिथे जाणं हा अविश्वास नाही. झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टर आधी, उपासप्रार्थना सोबत.

उपास

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस राखेच्या बुधवारी सुरू होतात, मधले रविवार त्यात मोजत नाहीत. पहिल्या वर्षी अन्न सोडण्यापेक्षा एखादी सवय सोडा: रात्रीच्या मालिका, तंबाखूची पुडी, रील्स. वाचलेला वेळ आणि पैसा कुठे जाणार ते आधी ठरवा. साबुदाण्याची खिचडी दोन ताटं खाऊन उपास होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. साखरेची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी राहू नये.

वर्ष भरल्यावर

वही काढा आणि पहिल्या महिन्यातले न समजलेले प्रश्न पाहा. काहींची उत्तरं मिळाली असतील, काही प्रश्न आता तितकेसे टोचत नसतील, दोन-तीन आणखी खोल गेले असतील. ते तसेच पुढच्या वहीत उतरवून घ्या.

मग पाळकसाहेबांना सांगून रविवारच्या शाळेतला सर्वांत लहान वर्ग मागा. सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवायचं म्हणजे शनिवारी रात्री धडा वाचावाच लागतो, आणि सकाळी साडेआठला पोचावंच लागतं, पाऊस असो की मॅच. पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारेल की नोहाच्या तारवात झुरळंसुद्धा होती का, आणि मासे बुडाले का. 'विचारून सांगतो' म्हणा, आणि पुढच्या रविवारी खरोखरच विचारून या. मुलं विसरत नाहीत.